पक्षिमित्र डॉ. सलीम अली

मुंबईच्या गिरगाव भागातील खेतवाडी ही वस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी आजच्याइतकी गजबजलेली नव्हती. तेथील एका मोठ्या घराच्या आवारात घोड्यांचा तबेला होता. तबेल्याच्या भिंतीत एक भोक होते आणि त्या भोकात चिमण्यांच्या एका जोडप्याने घरटे केले होते. मादी आत अंडी उबवीत बसे व नर बाहेर एका खिळ्यावर बसून राखण करी. एके दिवशी नऊदहा वर्षांचा एक मुलगा छऱ्यांची लहानशी बंदूक घेऊन तबेल्यातील गाडीच्या आड दडला आणि त्याने नेम धरून तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीपाशी दुसरा नर आला व तोही त्याच खिळ्यावर बसून राखण करू लागला. मुलाने त्यालाही टिपले. मग तिसरा आला. सात दिवसांत त्या मुलाने त्या एकाच खिळ्यावरचे आठ नर मारले आणि दर वेळी मादीला नवा सोबती मिळाला.

ही हकिकत वाचून मनाला वाईट वाटते. परंतु त्या काळी बऱ्याच घरांतील मुलांना अशा बंदुका खेळावयास मिळत आणि नेमबाजीचे कौतुकही होत असे. या मुलाने मात्र नेमबाजीपलीकडे आणखी एक गोष्ट केली. आपण काय पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले आणि मादी कशी वागली, हे सर्व त्याने कागदावर लिहून ठेवले. पुढे अनेक वर्षांनी तो मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावर ते बालपणीचे टिपण पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापले गेले. पक्षी मारणारा हात आणि पक्षी पाहणारा डोळा असे दोन्ही त्या मुलापाशी होते. त्यांतले शेवटी कोण जिंकणार, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते.

त्या मुलाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी केला. या दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांनी या भावंडांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते व त्यांच्यासारखे नामांकित शिकारी व्हावे, एवढीच त्या वयात सलीमची महत्त्वाकांक्षा होती.

त्याच बंदुकीने सलीमने एकदा आणखी एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तो ती नेहमीच्या घरचिमणीसारखी नव्हती. अंगाने किंचित सडपातळ होती आणि तिच्या गळ्यावर हळदीचे बोट टेकावे तसा पिवळा ठिपका होता. ही कोणत्या जातीची चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना ते सांगता येईना. पण त्यांनी मुलाचा प्रश्न उडवून लावला नाही. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि त्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. निसर्गाच्या अभ्यासासाठी ही संस्था मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली होती.

मेलेली चिमणी घेऊन तो मुलगा भीत भीत त्या कचेरीच्या पायऱ्या चढला. इंग्रजांचे राज्य होते. एका मोठ्या साहेबापुढे जाऊन क्षुल्लक चिमणीविषयी विचारावयाचे, या कल्पनेनेच त्याच्या छातीत धडधडत होते. मिलार्ड साहेबांनी मात्र त्याचे हसतमुखाने स्वागत केले. चिमणी हाती घेताच त्यांनी तिची जात ओळखली. ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडले. त्यांत पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी ओळीने मांडलेले होते. आपल्या देशात एवढ्या तऱ्हेचे पक्षी आहेत, हे त्या मुलाला प्रथमच कळले. मिलार्ड साहेबांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली, पक्ष्याची कातडी सोलून ती टिकवावी कशी हे शिकण्यास येण्याचे आमंत्रण दिले आणि टिपणे नीट ठेवण्यास उत्तेजन दिले. सलीम अलींनी पुढे आपल्या आत्मचरित्राला त्या चिमणीच्या पतनाचेच नाव दिले. १९८५ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा ते एकोणनव्वदाव्या वर्षात होते. एवढ्या वर्षांतही ती चिमणी ते विसरले नव्हते.

शाळेत मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. डोकेदुखीच्या विकारामुळे त्यांच्या अभ्यासात वारंवार खंड पडे. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले. महाविद्यालयात पहिल्याच वर्षी त्यांचे मन रमेना. तेव्हा घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशातील टव्हॉय येथे पाठविले. तेथे कुटुंबाचा खाणीचा व इमारती लाकडाचा धंदा होता. सभोवार घनदाट अरण्य होते. हिशेबाच्या वह्यांपेक्षा त्या अरण्यातील पक्ष्यांकडेच या तरुण व्यापाऱ्याचे लक्ष अधिक असे. अशा माणसाला व्यापारात यश आले नाही, यात नवल ते काय? १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी कायदा व हिशेब यांचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. परंतु त्यांचा खरा ओढा कोठे आहे हे सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी ओळखले आणि त्यांच्याच आग्रहाने ते प्राणिशास्त्र शिकू लागले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधीच मिळविली नाही. त्याचे फळ त्यांना भोगावे लागले. पक्षिशास्त्रज्ञाच्या एका सरकारी जागेसाठी ते सर्वार्थाने योग्य होते, पण पदवी नाही म्हणून ती जागा त्यांना लाभली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्राणिविभाग दाखवून माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांना मिळाली. पगार दरमहा ३५० रुपये होता. त्या काळाच्या मानाने तो चांगलाच म्हणावा लागेल. तरीही दोनच वर्षांत त्यांना वाटू लागले, की आपले ज्ञान अपुरे आहे. रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. स्ट्रेसमान हे त्या काळातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. पक्षी मारून कपाटात ठेवणे म्हणजे पक्षिशास्त्र नव्हे, तर जिवंत पक्षी कसा जगतो हे जाणणे अधिक मोलाचे, हा नवा विचार युरोपात रुजत होता. सलीम अलींनी तो तेथे आत्मसात केला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घालून त्यांचा मागोवा कसा घ्यावा, हेही ते शिकले. स्ट्रेसमान यांना ते जन्मभर गुरू मानीत.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परतले. पण येथे आल्यावर कळले, की पैशांच्या टंचाईमुळे वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली आहे. वय तेहतीस वर्षांचे, हाती पदवी नाही, नोकरी नाही आणि मुंबईत संसार चालविणे महाग. पतिपत्नी मुंबई सोडून समुद्रापलीकडे, अलिबागजवळच्या किहीम या गावी राहावयास गेली. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देत बसला असता. सलीम अलींना किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत भेटली.

तुम्ही पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा ताडामाडाच्या झावळ्यांना टांगलेले सुगरणीचे खोपे पाहिले असतील. गवताच्या व पात्यांच्या बारीक चिरफळ्या काढून चोचीने विणलेला तो झुलता खोपा पाहून मनुष्य थक्क होतो. हे कसब एखाद्या गृहिणीचेच असणार, असे समजून आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण हे स्त्रीलिंगी नाव देऊन टाकले. वस्तुतः खोपा विणतो तो नर! विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर पिवळी धमक टोपी येते, त्यावरून तो सहज ओळखता येतो.

त्या वसाहतीपाशी सलीम अली दिवसचे दिवस बसून राहिले. कोणता नर कोणता खोपा विणतो, मादी केव्हा येते, कोणत्या खोप्यात शिरते, किती वेळ थांबते, याची नोंद ते करीत गेले. हळूहळू एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. नर खोपा एकदम पुरा करीत नाही. तो अर्धाच विणून थांबतो. त्या वेळी त्याचा आकार उलट्या टांगलेल्या शिरस्त्राणासारखा दिसतो. मग माद्यांचा थवा येतो. नर पंख फडफडवीत आपापल्या खोप्याची जणू जाहिरात करू लागतात. मादी अर्धवट खोप्यात शिरून तो नीट न्याहाळते, चोचीने ओढून पाहते. पसंत पडला नाही तर सरळ दुसऱ्याकडे निघून जाते. पसंत पडला तरच ती तेथे मुक्काम करते आणि मग नर खाली लोंबणारी लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी आतून थोडी सजावट करते, अंडी घालते व एकटीच उबविते. इकडे नर स्वस्थ बसत नाही. तो जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अशा रीतीने एकाच ऋतूत तो एकामागून एक दोनतीन संसार थाटतो!

सुगरणीचे खोपे हजारो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर लोंबत होते. त्यांवर कौतुकाने बोलणारे पुष्कळ होते. परंतु त्या खोप्याच्या आडचा हा व्यवहार इतक्या बारकाईने कोणी पाहिला नव्हता. कपाटातील पेंढा भरलेल्या हजार सुगरणी समोर ठेवल्या असत्या, तरी हे कळले नसते. त्यासाठी जिवंत पक्ष्यापुढे तासन् तास मुकाट्याने बसावे लागले. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि किहीमच्या त्या बेकार माणसाचे नाव देशोदेशींच्या पक्षिशास्त्रज्ञांना ठाऊक झाले.

कीर्ती मिळाली, पण पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. तेव्हा सलीम अलींनी एक युक्ती योजिली. त्या काळी देशात अनेक संस्थाने होती व बहुतेक ठिकाणच्या पक्ष्यांची नीट पाहणी झालेलीच नव्हती. आपण वेतन घेणार नाही, प्रवासाचा व तंबूचा खर्च तेवढा द्यावा, असे त्यांनी संस्थानांना कळविले. हैदराबाद संस्थानापासून या कामाला आरंभ झाला. नंतर त्रावणकोर, कोचीन, मध्य भारतातील संस्थाने, म्हैसूर, बडोदे अशी ही भ्रमंती वर्षानुवर्षे चालू राहिली. डोंगर, जंगल, वाळवंट, दलदल, काहीच त्यांनी वर्ज्य मानले नाही. कच्छच्या रणात लक्षावधी रोहित पक्षी चिखलाची घरटी करून एकत्र राहतात, तेही त्यांनी १९४५ साली पाहून नोंदविले. या मोहिमांत त्यांनी अभ्यासासाठी पक्षी मारलेही. शास्त्राला नमुने लागतात, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी कधी लपविले नाही. गरजेपुरते घ्यावे आणि चैनीसाठी एकही मारू नये, ही मर्यादा मात्र ते पाळीत. तबेल्यातल्या मुलापासून ते किती दूर आले होते, हे यावरून समजते.

या रानोमाळ हिंडण्यात तेहमिनाबाई त्यांच्याबरोबर असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या स्त्रीने तंबूतला संसार आनंदाने पत्करला होता. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अलींच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आघात होता. त्यांना मूलबाळ नव्हते आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे ते मुंबईत आपल्या बहिणीच्या घरी राहिले आणि त्यांनी स्वतःला कामात अधिकच गाडून घेतले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी पक्ष्यांवर ग्रंथ नव्हते असे नाही. परंतु ते जाडजूड, महाग आणि तज्ज्ञांनाच समजतील असे होते. या पुस्तकात पक्ष्यांची रंगीत चित्रे होती आणि पक्ष्याचा आकार किती, हे सांगण्याची रीत तर फारच सोपी होती. इतके इंच, एवढे सांगून न थांबता पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, असे त्यांनी सांगितले. अंगणात कावळाचिमणी पाहिलेल्या कोणालाही त्यावरून पक्षी ओळखता येऊ लागला. या एका पुस्तकाने भारतात जितके पक्षिनिरीक्षक घडविले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणी घडविले असतील. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत व पाकिस्तान येथील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १९६८ साली व शेवटचा १९७४ साली निघाला. पहिल्या खंडाच्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

अंगाने ते कृश होते, पण चालण्यात तरुणांना मागे टाकीत. त्यांना मोटारसायकलीचा मोठा नाद होता. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल जहाजाने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून निरनिराळे देश पाहत ते परिषदेला गेले. हा गृहस्थ भारतापासून थेट मोटारसायकलीवरून आला, अशी तेथे वदंता पसरली! त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

देश स्वतंत्र झाल्यानंतर सोसायटीवर पैशांचे संकट आले, तेव्हा त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून तिला साहाय्य मिळवून दिले. १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. या कामी बिहारातील मीरशिकार लोकांचे पिढीजात कसब उपयोगी पडले. पक्षी पकडून विकणे हा त्यांचा व्यवसाय. तीच माणसे आता पक्ष्याला इजा न करता पकडीत, त्याच्या पायात धातूचे हलके कडे घालीत व त्याला सोडून देत. भरतपूरला कडे घातलेली बदके पुढे हजारो मैलांवर, सोव्हिएट संघाच्या प्रदेशात सापडली. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणारे पाहुणे कोठून येतात, हे असे पुराव्यानिशी सिद्ध झाले.

राजस्थानातील हे भरतपूर म्हणजे सलीम अलींच्या जिव्हाळ्याचे ठिकाण. तेथील केवलादेव घाना ही सुमारे २९ चौरस किलोमीटरांची पाणथळ भूमी. भरतपूरच्या महाराजांनी बांध व पाट यांच्या साहाय्याने तेथे पाणी खेळविले होते, ते बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. त्या आकड्याची नोंद दगडावर कोरून ठेवली आहे. स्वातंत्र्यानंतर शिकारीपेक्षाही मोठा धोका निर्माण झाला. देशात अन्नाची टंचाई होती. हे तळे कोरडे करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी होऊ लागली. भुकेल्या माणसाची मागणी चुकीची, असे कोण म्हणेल? परंतु हे पाणी एकदा आटले, तर हजारो मैलांवरून येणाऱ्या पक्ष्यांना उतरावयास जागा राहणार नाही आणि ती पुन्हा निर्माणही करता येणार नाही, हे सलीम अली जाणून होते. त्यांनी नेहरूंपर्यंत ही गोष्ट नेली. तळे वाचले. १९५६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

भरतपूरची कथा येथे पुरी होत नाही. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथे गुरे चारण्यास बंदी आली. सलीम अली यांचाही या बंदीला पाठिंबा होता. परंतु त्यांच्याच सोसायटीने अनेक वर्षे केलेल्या पाहणीत निराळेच दिसून आले. म्हशी येईनाशा झाल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजले आणि बदकांना उतरावयास मोकळे पाणी उरेना. म्हशींचे चरणे पक्ष्यांच्या पथ्यावरच पडत होते! ही पाहणी सुरू करण्यात सलीम अलींचाच पुढाकार होता आणि तिचे निष्कर्ष त्यांच्या मताविरुद्ध गेले, तरी संस्थेने ते जसेच्या तसे प्रसिद्ध केले.

केरळातील सायलेंट व्हॅली या अरण्यात धरण होऊ नये, यासाठीही उतारवयात त्यांनी आपले वजन खर्च केले. ती योजना रद्द झाली व १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. सगळ्याच बाबतींत त्यांना यश आले असे मात्र नाही. माळढोक हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, अशी त्यांची फार इच्छा होती. त्यामुळे उघड्या माळरानांकडे लोकांचे लक्ष जाईल आणि हा दुर्मिळ पक्षी वाचेल, असा त्यांचा विचार होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे, यात शंका नाही, पण त्याला संरक्षणाची तेवढी निकड नव्हती. सोलापूरजवळच्या नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी आज महाराष्ट्राच्या माळांवर तो पक्षी दिसणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

पदवी नसलेल्या या माणसाला अलीगड, दिल्ली व आंध्र या विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. भारत सरकारने १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. निसर्गरक्षणासाठी देण्यात येणारे पन्नास हजार डॉलरांचे एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा त्यांनी त्या रकमेतून सोसायटीत निसर्गरक्षणासाठी निधी उभारला. १९८५ साली राज्यसभेचे सदस्य म्हणून त्यांची नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्याला आणि कोइमतूर येथील पक्षिशास्त्राच्या संशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. दक्षिण भारतातील एका दुर्मिळ वटवाघळाच्या शास्त्रीय नावातही ते गुंफलेले आहे.

त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर हा भारतात राष्ट्रीय पक्षी दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात २०२० सालापासून या दिवसाला जोडून पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यांचे अभ्यासक व मराठी लेखक मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. पक्षी पाहण्यासाठी याहून सोयीचे दिवस नाहीत. पावसाळा संपून आकाश निवळलेले असते, तळी भरलेली असतात व उत्तरेकडील बदके, धोबी आणि इतर पाहुणे नुकतेच येऊन पोहोचलेले असतात. त्या आठवड्यात ठिकठिकाणच्या शाळांतील मुले भल्या पहाटे उठून गावच्या तलावावर जातात. एकाच्या गळ्यात दुर्बीण असते आणि ती हातोहात फिरते. कोणाला पाण्याच्या कडेला शेपटी हलवीत चालणारा धोबी दिसतो, कोणाला तारेवर बसलेला खंड्या. बुलबुलाएवढा की मैनेएवढा, यावर हळू आवाजात वाद होतो आणि पक्ष्याचे नाव, स्थळ व वेळ वहीत लिहिली जाते.